राजगिऱ्याचे माहेर

महाशिवरात्र जवळ आली म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार येथे राजगिऱ्याचे लाडू, साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे यांना एकाएकी महत्त्व चढते. नागनाथाचे औंढा हे याच तालुक्याचे ठिकाण. तेव्हा दर्शनास निघालेल्या कुटुंबाबरोबर फराळाचा डबा असावयाचाच.

या डब्यातील जिन्नसांची कुळकथा मोठी नवलाची आहे. रताळे, बटाटा, शेंगदाणा, मिरची, ज्याच्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा होतो ते झाड, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. राजगिऱ्याविषयीही वनस्पतिशास्त्रज्ञांचा कौल तिकडचाच पडतो. पोर्तुगीजांच्या गलबतांनी यांतील बहुतेकांस इकडे आणले. पंक्तीत भगर तेवढी येथली! गहू आणि तांदूळ हे आपले जुने आप्त एकादशीस उंबऱ्याबाहेर, आणि हे परद्वीपस्थ पाहुणे मात्र सोवळ्यात, हे पाहून कोणासही हसू यावे.

परंतु राजगिऱ्याच्या बाबतीत हसू ओठांतच राहते. मेक्सिकोत अझ्टेक लोकांचे राज्य होते तेव्हा हे धान्य राजाला करभार म्हणून पोचत असे. त्यांच्या एका मोठ्या उत्सवात राजगिऱ्याचे पीठ घायपातीच्या गोड रसात मळून देवाची मूर्ती घडवीत आणि अखेर तिचे तुकडे प्रसाद म्हणून सर्वांस वाटीत. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने त्यांची राजधानी जिंकली. आपल्या धर्मातील पवित्र भाकरीचे हे विडंबन होय असे पाद्र्यांस वाटले. पूजा बंद पडली आणि तिच्याबरोबर पीकही मागे हटले. एका समाजाचे देवान्न असे त्याच्या पानातून उठले; डोंगराकडच्या थोड्या गावांनी ते कसेबसे जगविले. त्याच दाण्याला आमच्याकडे उपवासाच्या डब्यात मानाची जागा मिळाली, ती कोणाच्याही हुकमाने नव्हे. घरोघरच्या स्त्रियांनी दिली.

आज मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या काकवीच्या पाकात घालून वड्या थापतात. त्यांचे नाव ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या चिक्कीशेजारी ठेविल्यास कोणती कोठली हे सांगणे कठीण. १ व २ नोव्हेंबर हे तेथे पितरांचे दिवस. त्या वेळी दिवंगतांच्या आवडीचे पदार्थ मांडतात, कवटीच्या आकाराची मिठाई करितात (तीही कित्येकदा राजगिऱ्याची), आणि सभोवार झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू तो हाच. त्याचेही माहेर मेक्सिको!

पेयांचे पाहावे तर तेथील ‘अतोले’ आणि आपली अंबील यांचे नाते सहज ध्यानात येते. मक्याचे पीठ पाण्यात शिजवून, गूळ व दालचिनी घालून ते ऊन ऊन पितात. अंबिलीला आंबवणे आणि ताक लागते, अतोलेला लागत नाही, एवढाच भेद. नाताळच्या आधी १६ डिसेंबरपासून नऊ रात्री तेथे मिरवणुका निघतात. त्या वेळी उसाचे तुकडे, पेरू, चिंच यांचे कढत पेय घरोघर उकळते. यातील ऊस, दालचिनी व चिंच ही पूर्वेकडून तिकडे गेलेली. म्हणजे देवघेव एकतर्फी नव्हती.

या देवघेवीत एका वैदर्भीय पुरुषाचाही वाटा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत गेले व चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक झाले. तेथील लोकांचे मुख्य अन्न जो मका, त्याच्या सुधारलेल्या जाती काढण्याचे काम त्यांनी केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराच्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, तो त्यांच्यावरूनच रेखाटला असे मानतात. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले.

मग कोणी सुशिक्षित तरुण विचारतो की, इतके परदेशी जिन्नस खाऊन उपवास कसला? आमच्या मते या आक्षेपात बळ थोडे. नित्याचे धान्य सोडावे हा उपवासाचा हेतू, आणि राजगिरा हे गवताच्या कुळातील धान्य नव्हेच, हे शास्त्रही सांगते. आजीबाईंची वर्गवारी फारशी चुकली नव्हती. त्यात प्रथिनेही तांदळाहून अधिक. आक्षेप घ्यावयाचाच तर तुपात तळलेल्या चार पदार्थांवर घ्यावा.

खरी काळजी भगरीची. दमट हवेत साठविलेल्या भगरीस बुरशी धरते, आणि उपवासाच्या दिवसांत मराठवाड्यातून विषबाधेच्या बातम्या वरचेवर येतात. भगर सुटी व जुनी घेऊ नये. निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी आणि पीठ साठवू नये. राजगिऱ्याच्या लाह्या फोडताना कढई चांगली तापू द्यावी, एका वेळी चमचाभरच दाणे टाकावेत, आणि फडक्याच्या बोळ्याने हलवीत राहावे. न फुटलेले दाणे चाळणीने काढून टाकले म्हणजे लाडू दातांखाली कचकचत नाही.