सात गुण म्हणजे टाकाऊ गेम नव्हे

‘फक्त ७? म्हणजे घेऊ नको, असंच ना?’ गेमचा रिव्ह्यू लिहिला की हा प्रश्न ठरलेला. काय आवडलं, काय खटकलं, कोणाला हा गेम रुचेल हे सगळं सविस्तर लिहिलेलं असतं. पण नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते आणि तो ९ च्या खाली असला की लोक गेमच्या नावानं आंघोळ करून मोकळे होतात. हौसेनं रिव्ह्यू लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे इतक्यांदा ऐकावं लागतं की आता स्पष्टच सांगायला हवं.

गैरसमज : १० पैकी ७ म्हणजे सुमार गेम.

वस्तुस्थिती : ७ म्हणजे चांगला गेम. दहाची पट्टी वापरायची आणि त्यातले पहिले सहा आकडे फेकून द्यायचे, याला मोजमाप म्हणत नाहीत. दहावीत ७० टक्के मिळाले की प्रथम श्रेणी म्हणून आपण पेढे वाटतो. मग गेमला तेवढेच गुण मिळाले की नाक का मुरडायचं?

या समजुतीला खतपाणी मिळालं ते मेटाक्रिटिकच्या रंगांमुळे. अनेक रिव्ह्यूंचे गुण एकत्र करून हे संकेतस्थळ १०० पैकी एक आकडा काढतं. तिथे चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. म्हणजे ७० गुणांचा चित्रपट हिरवा आणि ७० गुणांचा गेम पिवळा! आकडा तोच असतो, पण पिवळा रंग दिसला की माणूस मागे सरतो.

दुसरं कारण निवडीचं आहे. पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात हल्ली वर्षाला दहा हजारांहून जास्त गेम येतात. हौशी लिहिणारा पदरमोड करून गेम घेतो, त्यामुळे ट्रेलर पाहून, त्या स्टुडिओचे आधीचे गेम आठवून, चार जणांना विचारून मगच खरेदी करतो. भिकार गेम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. साहजिकच त्याचे बहुतेक गुण ६ ते ९ च्या पट्ट्यात दाटतात. म्हणून ७ हा काही तळ ठरत नाही. चाळून घेतलेल्यांतलाही तो चांगलाच गेम असतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली राजी. महालांची रचना आणि रंगसंगती पाहत राहावी अशी, कथा सांगायला छायाबाहुल्या. भिंतीवर धाव घेऊन किंवा खांबाला गिरकी मारून शत्रूवर झेप घेताना पहिल्या तासात हात खूश होतात. पुढे मात्र लढाईत त्याच त्या चाली येतात. कॅमेरा दूर गेला की उडीचा अंदाज चुकतो. आणि गोष्ट रंगात आलेली असतानाच गेम संपतो. माझ्या पट्टीवर याला ७. याच गेमला २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणातल्या इंडी गेमसाठी नामांकनही होतं. दोष मोजून, गुण मोजून, खेळायला सांगावा असा गेम म्हणजे ७!

आकड्याच्या या वेडाची किंमत गेम बनवणारेही मोजतात. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस, असा ऑब्सिडियन स्टुडिओचा करार होता. मिळाले ८४. बोनस गेला. हे स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आज तो गेम त्या मालिकेतल्या सर्वोत्तम गेममध्ये गणला जातो.

आता बाकीचे गैरसमज.

‘ग्राफिक्स, आवाज, कथा यांचे गुण बेरजेत मांडून सरासरी काढायची.’ मग ‘टेट्रिस’ कथेच्या गुणांत नापासच व्हायचा. गेमनं जे करायचं ठरवलं ते किती साधलं, हे बघायचं असतं.

‘स्टीमवर ९० टक्के म्हणजे १० पैकी ९.’ साफ चूक. तिथे अंगठा वर किंवा खाली, एवढंच. शंभर जणांना गेम ७ गुणांचा वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला, तर आकडा १०० टक्के दिसेल.

‘पूर्ण संपवल्याशिवाय लिहूच नये.’ कथेचा गेम संपवावाच, पण ऑनलाइन सामन्यांच्या गेमला शेवटच नसतो. किती तास खेळलो, हे सांगणं महत्त्वाचं.

‘कुठल्याही मशीनवर गेम तोच.’ डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’चे सुरुवातीचे रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले होते. प्लेस्टेशन ४ वर तो इतका कोलमडला की सोनीनं आठवडाभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला.

‘गुण एकदा दिले की कायमचे.’ ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये आला, पण पूर्ण मल्टिप्लेअर मिळाला २०१८ च्या अपडेटमध्ये. रिव्ह्यूची तारीख बघा.

‘सगळे पैसे खाऊन लिहितात.’ दबाव असतो, हे खरं. २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’ला ६ गुण दिल्यानंतर गेमस्पॉट या संकेतस्थळावर रिव्ह्यू लिहिणाऱ्या जेफ गर्स्टमन यांची नोकरी गेली, पण त्यांनी गुण वाढवले नव्हते. फुकट कॉपी मिळाली असेल तर लिहिणाऱ्यानं तसं सांगितलंय का, ते तपासा.

पुढच्या वेळी रिव्ह्यू उघडाल तेव्हा आधी लिहिणाऱ्याची पट्टी समजून घ्या, मग खटकलेल्या गोष्टींचा परिच्छेद वाचा. त्या गोष्टी तुम्हाला खटकणाऱ्या नसतील आणि प्रकार तुमच्या आवडीचा असेल, तर ७ गुणांचा गेम बेलाशक घ्या.