काठावरची पिढी : लेखांक 5
भरतीच्या वेळेवर चालणारं काम

ठाणे खाडीला 2015मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022मध्ये रामसर स्थळाचा दर्जा कसा मिळाला, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आता ती राखायला हाताशी कोण आहे, ते पाहू. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कॉलेजांची काही कमी नाही.

एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास भरावे लागतात. खाडीकाठच्या कॉलेजांना त्यासाठी सोयीचं काम म्हणजे खारफुटीतली सफाई. हातमोजे, गोण्या, बॅनर, शेवटी फोटो. हे काम निरर्थक मुळीच नाही. तिवराच्या वर डोकावणाऱ्या श्वसनमुळांवर प्लॅस्टिक अडकलं की झाडाचा श्वास कोंडतो. पण खाडी दिवसातून दोनदा भरते आणि येताना नवा कचरा घेऊन येते. महिन्याभराने त्याच जागी तेवढ्याच गोण्या भराव्या लागल्या, तर विशीतल्या मुलाने त्यातून काय समजायचं? तास भरतात, मुलं दिसेनाशी होतात आणि आपण मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. मला विचाराल तर दोष कामाच्या आखणीत आहे.

पक्ष्यांच्या मोजणीचं तसं नाही. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. पाणी चढलं की नेरूळ-सीवूड्सकडच्या डीपीएस तलावावर किंवा टी. एस. चाणक्यच्या पाणथळीत विसाव्याला येतात. म्हणजे मोजायला कधी जायचं ते भरती ठरवते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळी घरातल्या मुलाला हे गणित आजोबांकडून तिथीनुसार ठाऊक असतं. वर्गात मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा इथे आपसूक गटाचा म्होरक्या होतो. ही गोष्ट कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नसते.

नोंद ई-बर्डवर करायची. जागा, वेळ, किती मिनिटं थांबलो, कोणते पक्षी, किती. पावसाळ्यात एकही फ्लेमिंगो नसला तरी यादी भरायचीच, कारण नसणं हीसुद्धा माहितीच. दर फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या ‘कॅम्पस बर्ड काउंट’पासून सुरुवात करता येते, मात्र तिथेच थांबू नये.

अशा नोंदींचं मोल 2024च्या उन्हाळ्यात कळलं. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि काही फ्लेमिंगो मेले. पर्यावरणप्रेमी नागरिकांनी पाठपुरावा लावून धरला. 2025मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. अशा वादात ‘पूर्वी इथे पक्षी यायचे’ हे नुसतं सांगून भागत नाही, तारीखवार आकडे लागतात. ते कुणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेले असावे लागतात. कॉलेजची तुकडी दर तीन वर्षांनी बदलली तरी जागा तीच ठेवली, तर हे सहज जमू शकतं.

अडचणी आहेतच : दुर्बिणी महाग, परीक्षा ऐन हंगामात, मुलींच्या घरच्यांना पहाटेची काळजी. कॉलेजने चार दुर्बिणी घेतल्या आणि सोबत एक शिक्षक दिला, तर निम्म्या सुटतात.

येत्या रविवारी जाणार असाल तर भरतीचा तक्ता पाहा आणि पाणी पूर्ण चढायच्या तासभर आधी तलावावर पोहोचा.

(पुढील लेखांक : ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र)