चंद्रग्रहण, कोलकाता आणि परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध

जीवसृष्टीची शक्यता असलेल्या ग्रहावर उतरणारे यान उड्डाणापूर्वी काटेकोरपणे निर्जंतुक करण्यात येते. या दक्षतेमागील एक महत्त्वाची चर्चा नोव्हेंबर १९५७ मध्ये कोलकाता येथे झाली होती, ही बाब आपल्याकडे फारशी परिचित नाही.

विख्यात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले होते. ऑस्ट्रेलियाहून मायदेशी परतणारे ३२ वर्षांचे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग त्यांच्या भेटीसाठी कोलकात्यात थांबले. सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडल्यास जेमतेम महिना झाला होता. ७ नोव्हेंबर हा रशियन क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन आणि त्याच दिवशी खग्रास चंद्रग्रहण! ग्रासलेल्या चंद्रावर अणुस्फोट घडवून सोव्हिएत संघ हा दिवस साजरा करील काय, असा विषय भोजनप्रसंगी निघाल्याचे लेडरबर्ग यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. तसे काही घडले नाही. चंद्रावरील अणुस्फोटाचा गुप्त अभ्यास १९५८ मध्ये अमेरिकी हवाई दलानेच केला होता, हे मात्र २००० मध्ये उघड झाले.

लेडरबर्ग यांना चिंता वाटली ती वेगळ्याच कारणाने. राजकीय चढाओढीत पृथ्वीवरील सूक्ष्मजंतू इतर ग्रहांवर पोहोचले, तर तेथील मूळ पुरावा कायमचा नष्ट होईल, अशी ही भीती होती.

तिचे गांभीर्य हॉल्डेन यांच्याच १९२९ मधील एका लेखावरून ध्यानात येते. आदिम पृथ्वीच्या वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांपासून सेंद्रिय द्रव्ये तयार होऊन समुद्रात साठत गेली व समुद्र जणू गरम, पातळ रस्सा बनला, असे त्यांनी मांडले होते. रशियाचे अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ मध्ये स्वतंत्रपणे तत्सम विचार मांडला होता. अशी द्रव्ये आज साठत नाहीत, कारण सूक्ष्मजंतू ती फस्त करतात. जे पृथ्वीवर झाले, तेच आपल्या यानाबरोबर गेलेले जंतू अन्यत्र करू शकतील. आदिम वातावरणाच्या घटकांविषयी हॉल्डेन यांचे अनुमान आता जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. परंतु हा युक्तिवाद अबाधित आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. पहिल्या ५० कोटी वर्षांतील खडक भूकवचाच्या उलथापालथीत जवळजवळ नाहीसे झाले. मंगळावर मात्र अतिप्राचीन भूपृष्ठ मोठ्या प्रमाणात टिकून आहे. त्यामुळे जीवनाचा आरंभ कसा झाला, याचे उत्तर कदाचित आपल्याला तेथेच मिळेल.

मायदेशी परतल्यावर लेडरबर्ग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे पाठपुरावा केला आणि १९५८ मध्ये अकादमीने चंद्र व ग्रहांच्या संशोधनात दक्षता घेण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. परग्रहावरील जीवसृष्टीच्या अभ्यासाला ‘एक्झोबायॉलॉजी’ हे नावही त्यांनीच दिले. १९६७ च्या अवकाश करारात इतर खगोलांचे हानिकारक दूषण टाळण्याचे बंधन आले. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने उड्डाणापूर्वी सुमारे ११२ अंश सेल्सिअस तापमानात तापवण्यात आली होती.

हॉल्डेन यांनी १९६१ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहातून पाण्याचे फवारे उसळत असल्याचे कॅसिनी यानाने २००५ मध्ये दाखवून दिले होते. इंधन संपत आल्यावर हे यान तेथे आदळू नये, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरवून नष्ट करण्यात आले.