आश्विनातलं ऊन आणि गोधडीची सुई

आश्विन लागला की पेण-रोह्याकडे सकाळी दहालाच पाठ भिजते. हळवं भात कापणीला आलेलं असतं, गरवं अजून उभं असतं, आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. अशा उकाड्यात मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन बसलेली बाई दोन ओळींत वैतागते. घामेजल्या बोटांवरून टाके सरकत नाहीत. "विणकाम माझ्या हाताला नाहीच," म्हणून ती सुया डब्यात टाकते. हाताचं काही चुकलेलं नसतं. मोबाइलवर तिने पाहिलेलं विणकाम असतं पानगळीच्या, खिडकीवर धुकं साचणाऱ्या मुलखातलं. आपल्याकडे पावसाच्या मागोमाग थंडी येत नाही, आधी ऊन येतं. सुई-दोऱ्याबद्दलचे बरेच गैरसमज या एवढ्याच फरकातून आलेत.

"घट बसायच्या आत गोधड्या धुतल्याच पाहिजेत"

रीत चांगली आहे. पितृपंधरवड्यात घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं काढायची, पेणला भोगावतीवर किंवा रोह्याला कुंडलिकेवर न्यायची, दगडावर आपटायची आणि दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. पण ही रीत चालते चंद्राच्या पंचांगावर आणि पाऊस चालतो आपल्या मर्जीने. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, २०२५ साली ती २२ सप्टेंबरला आली. आपल्या भागातून मोसमी पाऊस सरासरीने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास परततो. म्हणजे नवरात्र लवकर आलं त्या वर्षी धुतलेली गोधडी भर पावसातच वाळत घालावी लागते.

चार-पाच पदरी सुती कापड वरून वाळलं तरी आतून ओलंच राहतं. हाताला कोरडी लागते म्हणून घडी घातली की आठवड्याभरात कुबट वास सुटतो आणि काळे ठिपके उमटतात. ती बुरशी. ठिपके एकदा धाग्यात बसले की साबणाने जात नाहीत. तेव्हा घट लवकर बसणार असतील तर चादरी आणि उशांचे अभ्रे धुऊन घ्यावेत, आणि जाड गोधड्या कोजागरीपर्यंत थांबवाव्यात. देवी रागावणार नाही. वाळल्याची परीक्षा सोपी: गोधडी दुमडून मधला भाग गालाला लावायचा. गार लागला तर अजून एक ऊन हवं.

ऊन जितकं कडक तितकं चांगलं, हेही अर्धंच खरं. सुती पदराला ते मानवतं, पण रेशमी काठ उन्हाने विटतो आणि विरतो. वरची बाजू आत घालून वाळवली तर रंग टिकतो.

"साड्या आम्ही देतो, मग शिलाई एवढी कशाला?"

हा प्रश्न गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईने ऐकलेला आहे, म्हणून एकदा हिशेबच मांडते. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, चौपदरी गोधडी होते. एका माणसाचं पांघरूण. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर ठेवलं तर सगळ्या ओळींची लांबी सव्वाशे ते दीडशे मीटर भरते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरा. चौदा हजारांच्या आसपास टाके झाले, आणि प्रत्येक टाका चार पदरांतून. त्याआधी आडवे-उभे कच्चे टाके घालावे लागतात ते वेगळेच. ते टाळून थेट कडेने सुरुवात केली तर सैल कापड सरकत सरकत मधे येतं आणि फुगा धरतं. साड्या जुन्या असतात, कष्ट नवे असतात.

जुनं कापड म्हणजे गरिबी, ही समजूतही सोडून द्यावी. दुकानातल्या कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. कोऱ्या कापडाची गोधडी न भिजवता शिवली तर धुतल्यावर जागोजाग चुण्या पडतात. शेकडो धुण्यांतून गेलेल्या साडीचं आटणं कधीच आटोपलेलं असतं. बाळाचं दुपटं मुद्दाम आजीच्या लुगड्याचं करतात, कारण खळ गेलेलं कापड कोवळ्या कातडीला टोचत नाही.

आणि गोधडी "गरम असते" असं आपण म्हणतो तेव्हा तिच्याकडे उगाच जादू देतो. ऊब अंगाचीच असते. पदरांच्या मधे अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. म्हणून एकाच जाड कापडापेक्षा चार पातळ पदर बरे, आणि म्हणूनच धावदोरा करकचून ओढू नये. पदर एकमेकांना चिकटून दबले की मधली हवाच उरत नाही.

तुकडे जोडून पांघरूण करायची कला परदेशातून आली, असं हल्ली कुणी कुणी म्हणतं. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी ही सगळी गोधडीची भावंडं. उलट शब्दच आपल्याकडून तिकडे गेलेत: इंग्रजीतला 'डंगरी' हा जाड्याभरड्या कापडाचा शब्द मुंबईतल्या डोंगरीवरून पडला.

"लोकर म्हणजे लोकर"

तर आता त्या वैतागलेल्या बाईच्या गोळ्याकडे वळू. तालुक्याच्या बाजारात 'लोकर' म्हणून जे गोळे मिळतात त्यांतले बहुतेक मेंढीच्या अंगावरचे नसतात. ते असतं अॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच्याच कुळातला धागा. खात्री करायची तर बोटभर धागा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीला लावा, खाली ताटली ठेवून. खरी लोकर चरचरते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योतीतून बाहेर काढली की आपोआप विझते आणि राख बोटात चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि मागे काळा, कडक मणी उरतो. सुती धागा कागदासारखा जळतो.

फरक नुसता नावाचा नाही. कोरडी दिसणारी लोकरही हवेतलं पाणी तिच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के धरून ठेवते, सूत साधारण साडेआठ टक्के, अॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन टक्के. घाम शोषला जात नाही, म्हणूनच आश्विनात तो गोळा बोटांना चिकटतो. अशा दिवसांत सुती धागा आणि क्रोशाची सुई घ्यावी. साखळी, मुका खांब, खांब एवढं आलं की पेल्याखालची चकती होते, आणि दिवा-रोहा गाडीत पनवेल ते रोहा बसून एक सहज पुरी होते. अॅक्रिलिकला मी वाईट म्हणत नाही. ते स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, तोरणाला आणि रुखवताला झकास आहे. त्याचं टोपडं मार्गशीर्षात विणा. फक्त त्याचं गरम भांडं उतरवायचं फडकं करू नका आणि त्यावर तापलेली इस्त्री फिरवू नका.

क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम एकच, असंही पुष्कळांना वाटतं. दोन सुयांवर सगळे टाके एकदम जिवंत असतात, एक सुटला तर खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात बहुधा एकच टाका उघडा असतो. विणकामाचं यंत्र इंग्लंडात विल्यम लीने १५८९ सालीच केलं, पण खरा क्रोशा काढणारं यंत्र आजही बाजारात नाही. दुकानात क्रोशाचा स्वस्त झगा दिसला तर तो कुणाच्या तरी हातांनी, फार कमी पैशांत केलेला असतो.

डांबरगोळीवरचा विश्वासही असाच. कसर लागते ती खऱ्या लोकरीला आणि रेशमाला. सुती गोधडीत किंवा अॅक्रिलिकच्या स्वेटरमध्ये तिला खायला काही नसतं, आणि गोधडीचा खरा शत्रू जो ओलावा, त्याला गोळीची फिकीर नसते. बाळाच्या कपड्यांत तर ती ठेवूच नये. काही बाळांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, आणि गोळीतल्या नॅप्थलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. गोधडी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

"हे बायकांचं काम" या समजुतीला पेण तालुक्यातच उत्तर आहे. गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे पुढे तासन् तास टकळीवर सूत कातत, आणि कताईच्या मजुरीत माणूस जगू शकतो का याचा प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. नामदेव तर शिंपीच.

कातणाऱ्यांची भाषा ठाऊक असेल तर एक घोळ टळतो. सुताचा नंबर वाढतो तसं सूत बारीक होतं, कारण एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तो नंबर. हातसुईचंही तसंच, १० नंबर ही ५ पेक्षा बारीक. मशीनची सुई नेमकी उलटी: ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाड, ७० त्याहून पातळ. दुकानात "मोठ्या नंबरची द्या" म्हटलं की हाती भलतीच येते. गोधडीचे चार पदर मशीनवर घालायचे असतील तर १०० ची सुई मागा.

राहिली तिन्हीसांजेला सुई हाती धरू नये ही गोष्ट. कंदिलाच्या उजेडात जमिनीवर पडलेली सुई दिसत नसे, आणि घरात रांगतं मूल असे. आता ट्यूबलाइट आहे, खुशाल शिवा. उठताना मात्र सुया मोजा. गोधडीत राहिलेली सुई रात्री बाराला सापडते, आणि हाताला तर नाहीच.