उघडं तोंड, लांबणारा चेहरा

चार-पाच वर्षांचं मूल घोरायला लागलं, की घरात कौतुकानं म्हणतात, ‘बघा, कसं गाढ झोपलंय!’ तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी लाळेनं ओली. खरं तर या मुलाची झोप रात्रभर मोडत असते. त्याला नाकातून हवा पुरत नाही.

घशाच्या दोन्ही बाजूंना दिसतात ते टॉन्सिल्स. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर दडलेला असतो तो ॲडेनॉइड. हा आ करून दिसत नाही, त्यामुळे त्याच्यावर संशयही उशिरा जातो. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी 1868 मध्ये त्याच्या वाढीचं पहिलं नीट वर्णन केलं. जंतूंशी लढणाऱ्या या ऊती साधारण तीन ते सात या वयात घशाच्या मानानं सर्वांत मोठ्या असतात, आणि ॲडेनॉइड पुढे आपोआप आक्रसतो. ‘मोठा झाला की जाईल’ हे खोटं नाही. पण चेहऱ्याची हाडं तोवर वाढायची थांबत नाहीत.

तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकलेली असते. तिचा हलका पण सततचा दाब वरच्या जबड्याला आतून रुंद ठेवतो. बाहेरून गालांचे स्नायू दाबत असतात. नाक चोंदलं, की तोंड उघडतं, खालचा जबडा उतरतो आणि जीभही त्याच्यासोबत खाली जाते. आतला आधार सुटतो, गालांचा दाब तेवढा उरतो. टाळू अरुंद आणि उंच होते, दातांना जागा पुरत नाही. तोंडाचं छत हाच नाकाचा तळ असल्यानं नाकाची वाटही आणखी चिंचोळी होते. खालचा जबडा पुढे येण्याऐवजी खाली-मागे वळतो, चेहरा लांबट दिसतो, ओठ मिटायला जोर लावावा लागतो. डॉक्टर याला ‘ॲडेनॉइड चेहरा’ म्हणतात.

ठेवणच मुळात तशी असेल, ही शंका रास्त आहे. आनुवंशिकतेचा वाटा असतोच. पण अमेरिकेत एगिल हारवोल्ड यांनी माकडांच्या वाढत्या पिल्लांची नाकं बंद केली, तेव्हा त्यांचे जबडे आणि दात बदलले, तेही प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेनं. प्रयोग क्रूर होता, पण उत्तर स्पष्ट मिळालं. स्वीडनच्या स्टेन लिंडर-आरोन्सन यांना ॲडेनॉइड काढलेल्या मुलांत उलटी दिशा दिसली: नाकानं श्वास सुरू झाल्यावर खालचा जबडा पुन्हा पुढच्या बाजूला वाढू लागला. मात्र झालेला सगळा बदल भरून येतोच असं नाही. टाळू रुंद करायला दंतवैद्याची मदत लागू शकते, आणि तीही लहानपणीच सोपी.

मग प्रत्येक घोरणाऱ्या मुलाची शस्त्रक्रिया करायची का? मुळीच नाही. झोपेत श्वास अडखळणाऱ्या 464 मुलांवरच्या 2013 च्या अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांत 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली; नुसती वाट पाहिलेल्यांतही 46 टक्क्यांची आली. ॲलर्जीनं नाक चोंदत असेल, तर फवाऱ्यानंही काम भागतं.

तेव्हा सर्दी नसतानाही मूल बहुतेक रात्री घोरत असेल, झोपेत श्वास क्षणभर थांबून ते दचकत असेल, तर ‘तोंड मीट’ म्हणून रागावू नका आणि तोंडाला पट्टी तर कधीच लावू नका. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.