ठिपक्यांचं दशक

लिफ्टचा देखभाल करार आणि पार्किंगचे पट्टे या दोन विषयांच्या मधे, आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या यंदाच्या सर्वसाधारण सभेत एक विषय होता: ‘आवारातील रोगट चाफे काढणे’. पानांवर केशरी ठिपके पडतात, पानं गळतात, गाड्यांच्या टपांवर चिकटतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. चर्चा नाही, हरकत नाही, ठराव मंजूर. पानावरच्या ठिपक्यापायी अख्खं झाड काढायला माणसं इतक्या सहज हात वर करतात, याची सुरुवात कुठे झाली ते मला पक्कं ठाऊक आहे.

वाडे आणि बंगल्यांच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ठिपके तेव्हाही पडत. करंजाच्या पानांवर डांबरी काळे डाग दिसत, गुलाबाची पानं काळ्या ठिपक्यांनी पिवळी पडून गळत. कुणी त्याचा बाऊ करत नसे. फार झालं तर बोर्डो मिश्रण. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवड्यासाठी ते जगापुढे आणलं, आणि आपल्याकडे कोकणातल्या सुपारीच्या कोळेरोगापासून नाशिकच्या द्राक्षबागांपर्यंत ते मुरलं.

माझं खरं भांडण आहे २००० ते २०१० या दशकाशी. बंगले पडले, टॉवर उभे राहिले आणि बाग हा शब्द जाऊन ‘लँडस्केपिंग’ आलं. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांमधून ट्रक भरभरून पाम येऊ लागले: रॉयल, बॉटल, फॉक्सटेल. ताबा देण्याच्या दिवशी आवार भरलेलं दिसलं पाहिजे, म्हणून ते खेटून लावले. पुढे पंधरा वर्षांनी त्यांचा पसारा केवढा होईल, हा प्रश्न बिल्डरचा नव्हताच. खाली लॉन, लॉनला स्प्रिंकलर, आणि स्प्रिंकलर सुरू करायची वेळ संध्याकाळी सात.

पानावर ठिपका पाडणाऱ्या बहुतेक बुरशांना याहून चांगली सोय कोण करून देणार? बुरशीचा बीजाणू रुजायला पानावर काही तास पाण्याचा पातळ थर टिकावा लागतो. सकाळी पाणी दिलं तर ऊन ते वाळवतं. रात्री भिजलेलं पान उजाडेपर्यंत ओलंच राहतं. त्यात पानाला पान लागलेलं, वारा खेळायला जागा नाही. दोन पावसाळ्यांत पामांच्या पात्यांवर मधे तपकिरी, भोवती पिवळी कडा असलेले ठिपके दिसू लागले. मग ते एकमेकांत मिसळून टोकं करपली.

त्याच दशकात चाफ्याचा तांबेरा आला. चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा, त्याची ही बुरशीही तिकडचीच. झाड शतकांपूर्वी आलं, रोग मात्र आत्ता. आमच्या माळीकाकांनी एका ऑक्टोबरात चाफ्याचं पान उलटं करून अंगठा फिरवला, तर हळद लागावी तसा तो पिवळाकेशरी झाला. वरून पाहणाऱ्याला फक्त फिकट टिकल्या दिसतात. सगळा कारभार पानाच्या पाठीवर चालतो. काका म्हणाले, “झाड मरायचं नाही. पडलेली पानं तेवढी उचला.”

ते कमिटीला पटलं नाही, कारण त्याचं बिल येत नव्हतं. दुकानातून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी आली. करपा असो, तांबेरा असो, भुरी असो, दोन ग्रॅम लिटरला, हाण फवारा. तांबेऱ्यावर ही पावडर जवळपास निरुपयोगी, अल्टरनेरिया बुरशीच्या ठिपक्यांवरही तेच. ज्या बुरशांवर ती चालते, त्याही सतत एकच औषध मारल्याने त्याला दाद देईनाशा होतात. आणि पडलेला ठिपका कुठल्याच औषधाने पुसला जात नाही. फवारणी वाचवते ती पुढची पानं. हे सांगणाऱ्यापेक्षा पाठीवर पंप घेतलेला माणूस लोकांना जास्त कामाचा वाटला.

काका बोर्डो करत तेव्हाची शिस्त मला अजून दिसते. एक किलो मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पिंपात तेवढ्याच पाण्यात, आणि दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्यात. निळं आकाशी पाणी तयार झालं की त्यात कोयता बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला. आणखी घाला, नाहीतर पानं जळतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. तेही ते सरसकट मारत नसत. पावसाळ्याच्या तोंडाशी, जुना त्रास असलेल्या लहान झाडांवरच.

दशक संपता संपता काकांना निरोप दिला आणि हाउसकीपिंगचं कंत्राट आलं. खराटा गेला, ब्लोअर आला. ब्लोअर पान उचलत नाही, कुंपणाच्या मेंदीखाली ढकलतो. तिथून पुढच्या पावसाचे थेंब बीजाणू पुन्हा वर उडवतात. बुंध्याभोवतीची आळी सिमेंटने बुजवली.

त्यानंतरची वर्षं त्याच चुकांची उजळणी. २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचंही नाव होतं. आमच्याकडची फवारणी त्या वर्षी थांबली ती मसुद्यामुळे नव्हे, टाळेबंदीमुळे. आणि झाडं काही मेली नाहीत.

तर माझी उपसूचना अशी. चाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो, म्हणजे तांबेऱ्याची साखळी तोडायची संधी झाड स्वतःच देतं. त्या दिवसांत पडलेलं प्रत्येक पान उचला आणि खोल पुरा; जाळू नका, उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. खेटलेल्या पामांतले काही हलवा. नवं रोप घेताना पान उलटून बघा. पाणी बुंध्याला, आणि सकाळी. चाफा तोडायला वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागेल. स्प्रिंकलरची वेळ बदलायला वॉचमनला सांगितलं की झालं.