कुत्र्याला घरी त्वचेखाली सलाईन देताना

कुत्र्याची मूत्रपिंडे कायमची कमजोर झाली की लघवी घट्ट करण्याची त्यांची क्षमता कमी होते. लघवीवाटे खूप पाणी निघून जाते आणि कुत्रा भरपूर पाणी प्यायला तरी ते भरून निघत नाही. भूक मंदावते, मळमळ होते, कुत्रा मलूल होतो. अशा वेळी पशुवैद्य घरीच त्वचेखाली सलाईन द्यायला सांगू शकतात. पहिल्यांदा हात थरथरतो, ते साहजिक आहे. दवाखान्यात डॉक्टरांसमोर एकदा स्वतः देऊन पाहा, मगच घरी सुरुवात करा.

हे काम कसे करते?

दोन्ही खांद्यांच्या मधली त्वचा सैल असते. तिच्याखाली सोडलेले पाणी काही तासांत हळूहळू रक्तात शोषले जाते. शीर शोधावी लागत नाही. मात्र हा तातडीचा उपचार नाही. सतत उलट्या होणे, कुत्रा कोसळणे, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा लघवी बंद होणे अशी लक्षणे दिसल्यास घरी वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

कोणते आणि किती?

बहुधा रिंगर लॅक्टेट (आरएल) दिले जाते. ग्लुकोजचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे, सलाईन त्वचेखाली देण्यास योग्य नाही. दुकानातून आणताना बाटलीवरचे नाव वाचा. मात्रा कुत्र्याचे वजन, रक्ततपासणी आणि हृदयाची स्थिती पाहून ठरते. दुसऱ्याच्या कुत्र्याची मात्रा आपल्या कुत्र्याला लागू होत नाही. बाटलीवरच्या खुणा नीट दिसत नसतील, तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली आधी आणि नंतर तोला. 100 मिली सलाईनचे वजन साधारण 100 ग्रॅम असते.

देण्याची पद्धत

1. हात साबणाने धुवा. सलाईन गढूळ दिसत असेल तर वापरू नका.
2. बाटली कोमट पाण्यात ठेवून सलाईन कोमट करा आणि मनगटावर तपासा. मायक्रोवेव्ह वापरू नका.
3. बाटली कुत्र्यापेक्षा बरीच उंच टांगा. नळीतील हवा काढून नवीन सुई लावा. दर वेळी नवीन सुई हवीच.
4. त्वचा चिमटीत उचला. उंचावलेल्या घडीच्या बुडाशी, पाठीला समांतर अशी सुई आत घाला आणि नळीची कळ उघडा.
5. धार मंद असेल तर सुई किंचित फिरवा किंवा थोडी मागे घ्या. केस ओले होत असतील तर सुई घडीतून आरपार गेली आहे.
6. ठरलेले सलाईन गेले की कळ बंद करा, सुई काढा आणि ती जागा मिनिटभर दाबून धरा.

थोडे पाणी किंवा रक्ताचा एखादा थेंब बाहेर आल्यास घाबरू नका. पाण्याचा फुगा पुढच्या पायाकडे उतरू शकतो, तेही नेहमीचेच आहे. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवून दवाखान्यात द्या.

कधी थांबायचे?

कमी पाण्याइतकेच जास्त पाणीही घातक ठरते. हृदय कमजोर असेल तर ते फुप्फुसांत किंवा छातीत साचू शकते. म्हणून सलाईन देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा.

- आदल्या वेळचा फुगा अजून हाताला लागतो का?
- कुत्रा गाढ झोपलेला असताना श्वास किती? छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. आकडा पुन्हा पुन्हा 30 च्या वर येत असेल तर ते काळजीचे लक्षण आहे.

यांपैकी काहीही आढळले, किंवा खोकला सुरू झाला, तर सलाईन न देता डॉक्टरांना फोन करा. तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल किंवा श्वास घेताना पोट ओढले जात असेल तर लगेच दवाखाना गाठा. सुईची जागा लाल, गरम किंवा दुखरी झाली तरी दाखवून घ्या.

अपेक्षा किती ठेवावी?

सलाईनने खराब झालेले मूत्रपिंड बरे होत नाही. कुत्र्याने खावे, हिंडावे, त्याला बरे वाटावे, एवढ्यासाठी ते असते. वजन, खाणे आणि झोपेतला श्वास वहीत लिहून ठेवा. काही आठवडे देऊनही फरक दिसत नसेल, किंवा बाटली पाहताच कुत्रा लपून बसत असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मात्रा बदलता येते, आणि सलाईन थांबवणे हाही कधी कधी योग्य निर्णय असतो.